परदेशी स्वयंसेवक, बालकाची भाषा आणि आक्रमक वर्तन : जमैकातील बालवर्गांच्या आधारे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

परदेशात जाऊन सेवाकार्य करण्याच्या प्रथेला विसाव्या शतकात संघटित रूप आले. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये, व्हर्दुनजवळील एस्न या गावी, १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांततावादी गृहस्थांनी निरनिराळ्या राष्ट्रांतील तरुणांचे पथक जमवून पुनर्बांधणीचे काम आरंभिले. १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर हेच सेरेसोल पुनर्वसनाच्या कामासाठी भारतात आले होते. पुढे १९५८ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलेक डिक्सन यांनी 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था काढली, १९६१ मध्ये अमेरिकेत 'पीस कोअर' अस्तित्वात आली आणि १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वतःच्या स्वयंसेवक-योजनेस संमती दिली. सेरेसोल यांच्या पथकांचे काम हातांचे होते. कालांतराने स्वयंसेवक शाळेच्या वर्गात शिरला. आणि मारामारी करणाऱ्या मुलांना बोलून प्रश्न सोडविण्यास शिकविणे, हेही त्याच्या कामांत गणले जाऊ लागले.

या दोन प्रकारच्या कामांत एक मूलभूत भेद आहे. भिंत रचणाऱ्याची मातृभाषा कोणती, याची भिंतीस पर्वा नसते. परंतु पाच वर्षांच्या मुलाने उगारलेला हात खाली घेऊन त्याऐवजी काही बोलावे, अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याला ते मूल कोणत्या भाषेत रागावते, हे ठाऊक असणे अवश्य आहे. संवादकौशल्याने आक्रमकता कमी होते, या विधानास पुष्कळ आधार आहे. परंतु ते कौशल्य मुलाच्या स्वतःच्या भाषेत, रोज, आणि त्याच्याजवळ टिकून राहणाऱ्या प्रौढाकडून मिळाले तरच ते मुरते. यास्तव परदेशी स्वयंसेवकाचा खरा विद्यार्थी बालक नसून बालकाचा शिक्षक होय, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ प्रथम या विषयाची मानसशास्त्रीय बैठक व नंतर जमैका या कॅरिबियन देशातील बालवर्गांचा अनुभव यांचा विचार केला आहे.

२. शब्द आणि प्रहार

मूल मारावयास शिकते, ही समजूत अर्धीच खरी आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ मध्ये मातांनी ठेवलेल्या दैनंदिन नोंदींच्या आधारे लहान मुलांच्या रागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रागाचे उद्रेक दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतात व नंतर ओसरतात, असे त्यात दिसून आले. कॅनडातील रिचर्ड त्रांब्ले व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घकालीन अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला. शारीरिक आक्रमकतेचे प्रमाण शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात शिखरास पोहोचते आणि बहुसंख्य मुलांत पुढे कमी होत जाते. म्हणजे बहुतेक मुले मारणे शिकत नाहीत, तर न मारणे शिकतात. मात्र मारण्याचे विशिष्ट प्रकार अनुकरणाने उचलले जातात, हेही तितकेच खरे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथील ७२ बालकांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात, प्रौढाने बाहुल्यास ज्या रीतीने झोडपले त्याच रीतीने मुलांनीही ते झोडपले.

न मारण्याच्या या शिक्षणात भाषेचे स्थान कोणते? व्हिगोट्स्की यांच्या मते मोठ्यांनी मुलाशी केलेले बोलणे हळूहळू मुलाचे स्वतःशी बोलणे बनते आणि अखेरीस मूक विचाराच्या रूपाने त्याच्या वर्तनाचे नियमन करू लागते. 'थांब' हा शब्द प्रथम आईचा असतो, मग मुलाच्या ओठांवरचा होतो, शेवटी तो ऐकूही येत नाही. ज्या मुलाची भाषा मागे राहिली आहे त्याच्यात आक्रमक वर्तन अधिक आढळते, हा सहसंबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. दारिद्र्य, घरातील मारहाण व अवधानाची उणीव ही दोहोंचीही कारणे असू शकतात.

केनेथ डॉज यांच्या १९८० च्या संशोधनाने या विचारात एक महत्त्वाचा दुवा जोडला. एका मुलाची रचना दुसऱ्याच्या हातून मोडली आणि मोडणाऱ्याचा हेतू संदिग्ध असला, तर आक्रमक मुलगा त्या कृतीमागे वैरभाव आहे असे गृहीत धरण्याचा संभव अधिक असतो. त्याच्या दृष्टीने त्याचा प्रहार हा प्रतिकारच असतो. अशा मुलाला 'मारू नकोस' असे सांगणे व्यर्थ आहे. 'तू मुद्दाम केलेस का?' हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला नाही, आणि तीच त्याला लागावयास हवी.

३. शिकवावयाचे ते काय?

या दिशेने जे शिक्षणक्रम तयार झाले त्यांत चार गोष्टी थोड्याफार फरकाने आढळतात.

पहिली, भावनेस नाव देणे. राग, भीती, मत्सर, निराशा या सर्वांचे बाह्य रूप लहान मुलात एकच असते, ते म्हणजे रडणे किंवा मारणे. नावे वेगळी झाली की भावनाही वेगळ्या ओळखू येतात.

दुसरी, क्षणाचा विलंब. भावना आणि कृती यांच्यामध्ये काही क्षणांचे अंतर निर्माण करण्यासाठी 'कासवाची युक्ती' प्रचारात आली. तिचे वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. राग आल्यास मुलाने कासवाप्रमाणे हातपाय आखडून घ्यावयाचे, अंग सैल सोडावयाचे आणि मग काय करता येईल याचा विचार करावयाचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत येणारा कूर्माचा दृष्टान्त ज्यांना परिचित आहे, त्या मराठी वाचकांना या युक्तीचे नवल वाटणार नाही. तेथे इंद्रियनिग्रहाचे जे रूपक आहे, ते येथे बालवर्गातील एक शारीरिक हालचाल झाले आहे, एवढेच.

तिसरी, पर्याय व परिणाम यांचा विचार. फिलाडेल्फियातील जॉर्ज स्पिवॅक व मर्ना शुअर यांनी १९७० च्या सुमारास बालवाडीतील मुलांसाठी जो क्रम बसविला, त्याचा आरंभ भांडणापासून न होता अगदी साध्या शब्दांपासून होतो. 'आहे-नाही', 'आणि-किंवा', 'सारखे-वेगळे', 'काही-सर्व' हे ते शब्द होत. 'किंवा' हा शब्द ज्याच्या हाताशी नाही, त्याला दुसरा मार्ग सुचणार कसा? 'झोपाळा हिसकावता येईल, किंवा मागता येईल, किंवा त्याचे झाल्यावर बसता येईल' या वाक्यातील 'किंवा'च मुलाची मूठ सैल करतो. या पद्धतीत शिक्षक निवाडा देत नाही. काय झाले, त्याला कसे वाटले असेल, दुसरे काय करता येईल, आणि तसे केल्यास काय होईल, एवढेच तो विचारतो.

चौथी, मागणे, नाकारणे व जुळवून घेणे यांचा प्रत्यक्ष सराव. हा सराव बाहुल्यांच्या साहाय्याने, खेळातून, मन शांत असताना करावा लागतो. भांडण पेटल्यावर उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे धडे देणे होय.

येथे एका धोक्याची नोंद करणे अवश्य आहे. वाक्चातुर्य वाढले की आक्रमकता नाहीशी होते असे नाही; ती कधी कधी केवळ वेष पालटते. फिनलंडमध्ये लागर्श्पेत्स, ब्यर्कक्विस्त व त्यांचे सहकारी यांनी अप्रत्यक्ष आक्रमकतेचा, म्हणजे चहाडी, बहिष्कार व कुजबूज यांचा, अभ्यास केला. सामाजिक बुद्धी तीक्ष्ण असणे व अप्रत्यक्ष आक्रमकता करणे यांचा संबंध त्यांना आढळला. त्या बुद्धीस आवर घालणारी शक्ती म्हणून त्यांनी सहानुभूतीकडे बोट दाखविले. म्हणून 'त्याला कसे वाटले असेल?' हा प्रश्न शिक्षणक्रमातून गळाला, तर आपण मुठीऐवजी जिभेस धार लावतो.

४. जमैकातील बालवर्ग

जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला व त्याच वर्षापासून पीस कोअरचे स्वयंसेवक तेथे जाऊ लागले. तेथील बालशिक्षणाचा मोठा भार 'बेसिक स्कूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चर्च किंवा स्थानिक मंडळे यांनी चालविलेल्या शाळांवर राहिला आहे. या शाळांतील पुष्कळ शिक्षिकांना औपचारिक प्रशिक्षण फारसे मिळालेले नसे. १९६६ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाने बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनच्या साहाय्याने व डडली ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली बालशिक्षणाचा जो प्रकल्प हाती घेतला, त्याचा रोख याच शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर होता. पैसा बाहेरून आला, पण हात तेथलेच राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे किंग्स्टनमधील अशा २४ बालशाळांत हेलन बेकर-हेनिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियंत्रित प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांचा 'इन्क्रेडिबल इयर्स' हा शिक्षक-प्रशिक्षणाचा क्रम स्थानिक परिस्थितीस अनुरूप करून त्यांनी वापरला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निम्म्या शाळा प्रशिक्षणासाठी निवडल्या गेल्या. ज्यांचे वर्तन शिक्षिकांना विशेष त्रासदायक वाटत होते अशा २२५ मुलांचे निरीक्षण करण्यात आले. प्रशिक्षित शिक्षिकांच्या वर्गांत या मुलांचे उपद्रवी वर्तन घटले, मैत्री जोडण्याचे कौशल्य वाढले आणि शाळेतील उपस्थितीही सुधारली. पालकांनी सांगितलेला घरच्या वर्तनातील फरक मात्र त्या मानाने लहान होता. जे वर्गात शिकविले गेले ते वर्गात अधिक दिसले. घराच्या उंबरठ्यापलीकडे ते क्षीण होत गेले.

येथे संशोधनपद्धतीविषयी एक गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. यदृच्छ निवड मुलांची न करता शाळांची केली, याचे कारण उघड आहे. एका वर्गातील मुले परस्परांस मारतात व परस्परांचे पाहतात. त्यांपैकी निम्म्यांवर प्रयोग करून उरलेल्यांशी तुलना करणे निरर्थक ठरते. अशा प्रयोगात एकक शाळा असते. साहजिकच मुलांची संख्या मोठी दिसली, तरी निष्कर्षाचे बळ शाळांच्या संख्येवर पुष्कळसे अवलंबून राहते.

या अनुभवावरून त्याच संशोधकांनी अल्पखर्चाचा, स्थानिक स्वरूपाचा एक क्रम रचला व त्यास 'आयरी क्लासरूम टूलबॉक्स' असे नाव दिले. 'आयरी' हा जमैकन बोलीतील शब्द असून सारे छान, सुखाचे असल्याचा भाव तो व्यक्त करतो. कार्यशाळा, वर्गात येऊन केलेले प्रत्यक्ष साहाय्य आणि भ्रमणध्वनीवरील संदेश अशी त्याची योजना होती. ७६ बालशाळांत केलेल्या त्याच्या परीक्षेचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेळी शिक्षिकांकडून मुलांवर होणाऱ्या हिंसेचीच मोजणी करण्यात आली. जमैकाच्या २००५ च्या बालशिक्षणविषयक कायद्याने अशा शाळांत शारीरिक शिक्षेस बंदी घातली होती. तरीही निरीक्षणाच्या काळात तुलनेच्या शाळांत अशा घटनांची मध्यका १५ निघाली. प्रशिक्षण झालेल्या शाळांत ती ३ होती, आणि वर्षभरानंतरही दोन्ही गटांतील फरक टिकून होता.

परंतु याच प्रयोगात एकूण वर्गातील मुलांच्या आक्रमकतेत दोन गटांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष उत्साही कार्यकर्त्यास खटकेल; अभ्यासकाने तो झाकू नये. पहिल्या प्रयोगात विशेष अडचणीच्या मुलांचे निरीक्षण होते, दुसऱ्यात सबंध वर्गाचे. तेव्हा दोहोंची सरळ तुलना करता येत नाही. तथापि दोन गोष्टी यातून निघतात. एक, प्रौढाचा हात थांबला की मुलाचा हात आपोआप थांबतो, ही साखळी वाटते तितकी सरळ नाही. दुसरी, प्रौढाचा हात थांबणे हे स्वतःच एक साध्य आहे. ज्या वर्गात मुलाला मार बसतो, त्या वर्गात त्यालाच 'हाताने नव्हे, शब्दाने बोल' असे शिकविणे हा विसंवाद आहे, आणि मूल तो तत्काळ ओळखते.

५. भाषा कोणाची?

जमैकाची राजभाषा इंग्रजी. परंतु बहुतेक मुलांची घरची भाषा 'पात्वा' होय. मळ्यांवरील गुलामगिरीच्या काळात इंग्रजी व पश्चिम आफ्रिकी भाषा यांच्या संपर्कातून ती घडली. तिचे शब्द बहुतांशी इंग्रजी असले, तरी उच्चार व व्याकरण वेगळे आहे. शाळेत ती दीर्घकाळ अशुद्ध इंग्रजी म्हणून हिणविली गेली. २००४ ते २००८ या काळात वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या वतीने काही प्राथमिक शाळांत दोन्ही भाषांतून शिकविण्याचा प्रयोगही झाला.

या भाषेत 'मी' म्हणजे मीच, हा मराठी वाचकास गमतीचा वाटणारा योगायोग आहे. 'मी व्हेक्स' म्हणजे मला राग आला आहे. आता कल्पना करावी की, इंग्रजी बोलणारा स्वयंसेवक रागासाठी पुस्तकी इंग्रजी शब्द लिहिलेली चित्रे घेऊन वर्गात आला. मुले तो शब्द पाठ करतील, विचारल्यास चित्रही दाखवतील. परंतु मधल्या सुटीत कोणी खाऊचा डबा ओढला, तर त्या क्षणी ओठांवर येईल तो 'व्हेक्स'. जो शब्द रागाच्या क्षणी सुचत नाही, तो रागाचे नियमन करू शकत नाही. व्हिगोट्स्की यांचे प्रतिपादन मान्य केल्यास हे ओघानेच येते.

शब्दांचे अर्थ समाजाची रीतही सांगतात. पात्वात 'लिक' म्हणजे फटका. मोठ्यांनी शिक्षा म्हणून मारलेला फटका आणि मुलाने मुलाला मारलेला फटका या दोहोंस हाच शब्द लागतो. 'लिक देऊ नये' असे मुलास सांगणारा मनुष्य नकळत मोठ्यांच्या अधिकारावरही बोट ठेवीत असतो. ते त्याला कळत नसेल, तर शिक्षिकेला नक्कीच कळते.

हीच गोष्ट आपल्या भाषेवरून अधिक स्पष्ट होईल. मराठीत रागावणे वेगळे, चिडणे वेगळे, हिरमुसणे वेगळे आणि रुसणे वेगळे. रुसलेल्या मुलाची कोणीतरी समजूत काढावी, अशी अपेक्षा त्या शब्दातच दडलेली आहे. किंबहुना रुसणे हे न बोलता केलेले एक आवाहनच असते. महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात आलेल्या परदेशी स्वयंसेवकाने रुसून कोपऱ्यात बसलेल्या मुलास रागावलेले समजून, शांत होईपर्यंत एकटे सोडावे असे ठरविले, तर पुस्तकानुसार ते बरोबर असेल. परंतु त्या मुलाला जे हवे होते नेमके तेच त्याला नाकारले जाईल.

याचा अर्थ प्रत्येक समाजाची रीत जशी आहे तशी मान्य करावी असा नव्हे. डग्लस फ्राय यांनी मेक्सिकोतील दोन शेजारच्या झापोतेक खेड्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. तीन ते आठ वर्षांची मुले त्यांनी पाहिली. भाषा व परंपरा एकच असूनही, ज्या गावात प्रौढांतील हिंसा अधिक होती तेथील मुलेही अधिक मारामारी करीत. आणि शांत गावात पालक मारण्यापेक्षा सांगण्या-समजावण्यावर अधिक भर देत. एका संस्कृतीच्या पोटातही पर्याय असतात, हा याचा बोध आहे. बाहेरून आलेल्याने ते पर्याय सोबत आणण्यापेक्षा तेथेच शोधावेत.

६. स्वयंसेवकाचे स्थान

मग स्वयंसेवकाने करावयाचे काय? पहिले काम ऐकण्याचे. मुले व शिक्षिका राग, अपमान, थट्टा व समेट यांसाठी कोणते शब्द वापरतात याची यादी करणे, हे दिसावयास किरकोळ असले तरी पुढच्या सर्व शिकवणीचा पाया होय. दुसरे काम शिक्षिकेच्या शेजारी उभे राहण्याचे. तिच्या जागी नव्हे. बाहुल्या व चित्रे तयार करणे, मोठ्या वर्गातील एक लहान गट सांभाळून तिला मोकळे करणे, तिने मुलांशी केलेल्या एखाद्या यशस्वी संवादाची तिलाच आठवण करून देणे, हे तो करू शकतो. तिसरे काम नोंद ठेवण्याचे. ठराविक वेळी, ठराविक व्याख्येनुसार, आरंभापूर्वी व नंतर प्रहारांची मोजणी केली नाही, तर 'मुले आता शांत झाली आहेत' हे विधान निरोपसमारंभातील भाषणाच्या योग्यतेचे राहते. आणि मोजणारा हा शिकविणाराहून वेगळा असणे इष्ट.

मुक्कामाच्या कालावधीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पीस कोअरची नेहमीची मुदत सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण धरून २७ महिन्यांची असते, आणि त्या प्रशिक्षणात भाषेस मोठे स्थान आहे. याउलट दोन-चार आठवड्यांसाठी येणारे स्वयंसेवक मुलांशी जवळीक जोडतात न जोडतात तोच निघून जातात. दक्षिण आफ्रिकेतील लिंडा रिक्टर व एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये निवासी संस्थांतील अनाथ बालकांच्या संदर्भात या प्रकारावर कठोर टीका केली. वारंवार जोडल्या व तोडल्या जाणाऱ्या स्नेहबंधांमुळे आधीच विरह सोसलेल्या मुलांची हानी होते, असे त्यांचे म्हणणे आहे. विश्वासाने बोलावयास शिकविणारा मनुष्यच न सांगता नाहीसा होत असेल, तर मुलाने त्यातून कोणता संवाद शिकावा? अल्पमुदतीच्या स्वयंसेवकाने मुलांचा लाडका होण्याऐवजी शिक्षिकेचा मदतनीस व्हावे, हे यामुळेच योग्य ठरते.

आणखी एक मर्यादा नम्रपणे मान्य केली पाहिजे. ज्या वस्तीत दुबळा दिसणे धोक्याचे असते, तेथे 'मारले तर उलट मार' ही पालकांची शिकवण निव्वळ अज्ञानातून येत नाही. ती संरक्षणाची तरतूद असते. अशा मुलास शाळेत एक व रस्त्यावर दुसरी रीत पाळावी लागते. संवादकौशल्य हे वस्तीतील बंदुका, बेकारी किंवा दारिद्र्य यांवरील उत्तर नव्हे. ते शाळेच्या आवारापुरते एक सुरक्षित स्थान निर्माण करू शकते, आणि तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. बालकाचे आक्रमक वर्तन कमी करण्यात भाषेचा वाटा आहे, परंतु ती त्याच्या रागाची भाषा असावयास हवी. सहानुभूतीवाचून दिलेले वाक्चातुर्य आक्रमकतेचे केवळ रूप बदलते. प्रौढांचे वर्तन बदलल्याविना मुलांना दिलेले धडे पोकळ राहतात. मात्र प्रौढांचे वर्तन बदलले की मुलांचे आपोआप बदलेल, असेही मानता येत नाही. आणि परदेशी स्वयंसेवक हा या कामाचा कर्ता नसून साहाय्यक आहे.

आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपैकी जे पुढे अशा कामासाठी देशाबाहेर जातील, त्यांनी तेथील मुलांना काय शिकवावयाचे याची यादी करण्यापूर्वी तेथील एका शिक्षिकेजवळ काही दिवस निमूटपणे बसावे. जे बाहेर जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही काम आहे. मराठी बालवाडीत मुले रुसवा, चीड व हेवा यांसाठी कोणत्या वयात कोणते शब्द वापरू लागतात, आणि त्या शब्दांबरोबर प्रहारांची संख्या कशी बदलते, याचे पद्धतशीर निरीक्षण हा प्रबंधास योग्य असा विषय आहे. बाहेरून आणलेला कोणताही शिक्षणक्रम येथे रुजवावयाचा असेल, तर त्याच्या आधी हे काम झाले पाहिजे.